बरोबर कोण कोण होतं?

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात माझ्याकडे २३ कॅसेटी आहेत. प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात तारीख आणि पाहुण्यांचं नाव, खाली ‘बाजू अ’, ‘बाजू ब’. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात मी १९८४ साली लागले आणि २०१८ साली निवृत्त झाले. या ३४ वर्षांत डिसेंबर उजाडला की ग्रंथपाल बाजूला राहायची आणि मी व्याख्यानमालेची हरकामी व्हायचे. सतरंज्या, माइकवाला, पाहुण्यांचं पथ्याचं जेवण, शाल-श्रीफळ हे सगळं झालं की विंगेत टेप रेकॉर्डर मांडून बसायचं. पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेट उलटायला लागायची आणि नेमकं तेव्हाच एखादं चांगलं वाक्य निसटायचं. तेवढी चार-सहा सेकंदं सोडली, तर आमच्या गावात बोलून गेलेली बरीच मोठी माणसं त्या डब्यात आहेत.

त्यातल्या दोन कॅसेटींत आणि नंतरच्या एका सीडीत एकच नट एकच किस्सा सांगतो. १९८८, १९९७ आणि २०११. त्यांचं नाव सांगत नाही. ते आता नाहीत आणि माणूस मोठा होता यात वाद नाही. पण हे तीन किस्से एकापाठोपाठ एक ऐकले की एखादा माणूस लोकांच्या मनात कसा ‘घडत’ जातो ते कानांना दिसतं. त्या घडवण्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहायला बसले.

मुलाखत हा शब्द अरबीतून आला. अर्थ साधा, गाठभेट. मराठीत मात्र नोकरीचीही मुलाखत, तुरुंगातल्या कैद्याची भेट घेतात तीही मुलाखत आणि नामवंताची असते तीही मुलाखतच. पहिल्या दोन ठिकाणी बसलेल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. तिसऱ्या ठिकाणी सगळं त्याच्याच हातात आहे असं वाटतं. तसं ते नसतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

व्याख्यानमालेत मुलाखत ही तशी उपरी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली आणि तिचं पाहून गावोगाव माला निघाल्या. त्या सगळ्यांचा साचा एकच: वक्ता उभा, श्रोते बसलेले, मध्ये टेबल, टेबलावर तांब्या-भांडं. आमच्या वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तांत वर्षानुवर्षं विषयच आहेत, वक्त्यांची नावं त्यांच्यापुढे बारीक अक्षरात. पुढे लोकांना विषयापेक्षा माणूस हवासा झाला. नट, गायक, खेळाडू बोलवा अशी मागणी आली. आणि यांना भाषण कुठे येतं? आमच्याकडे एक थोर गायिका आल्या होत्या. अकरा मिनिटं बोलल्या, घाम पुसला, आभार मानून खाली बसल्या. पुढच्या वर्षी कार्यवाहांनी टेबल काढलं आणि दोन खुर्च्या मांडल्या, जरा तिरप्या, म्हणजे दोघांचं तोंड एकमेकांकडेही राहतं आणि लोकांकडेही. एवढ्याशा फरकानं न बोलणारी माणसं बोलायला लागली.

ही तिरपी खुर्ची आम्हाला टीव्हीनं शिकवली. पु. ल. देशपांडे दिल्लीत टेलिव्हिजनच्या अगदी सुरुवातीच्या काळात तिथे होते आणि भारतीय टेलिव्हिजनवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनी घेतली असं सांगतात. ती आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. आमच्यापर्यंत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा. मी तेव्हा बारा वर्षांची, गिरगावातल्या चाळीत. आमच्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि आम्ही मुलं खिडकीच्या गजांना लटकून ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ बघायचो. तबस्सुमनं तो कार्यक्रम १९७२ पासून १९९३ पर्यंत चालवला. केसांत फूल, तोंडावर हसू, मध्येच एखादा शेर. त्याआधी नट-नट्या कळायच्या त्या पडद्यावरून, नाहीतर ‘रसरंग’सारख्या अंकांतून. विविध भारतीवरच्या विशेष जयमालेत ते फौजी भाइयोंशी बोलायचे, पण तिथे समोर विचारणारं कुणी नसायचं. तबस्सुमच्या समोर बसलेला नट भूमिकेत नव्हता, तरी त्यानं काहीतरी वठवायचं होतंच. ते म्हणजे ‘घरातला मी’. खलनायकाची कामं करणारा गृहस्थ मिश्कील आणि सोज्वळ निघाला की आमच्या मजल्यावरच्या बायका दुसऱ्या दिवशी नळावर म्हणायच्या, “मेला किती साधा आहे गं!”

त्याच केंद्रावर मराठीत ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागायचं. सुहासिनी मुळगांवकरांचं नाव त्या कार्यक्रमाशी कायमचं जोडलेलं आहे. लेखक, कवी, समीक्षक येऊन सावकाश बोलायचे. ते नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला पुढचं दिसत होतं की काय, असं मला अधूनमधून वाटतं. लेखकाची प्रतिभा पुस्तकात राहिली आणि प्रतिमा त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात तयार व्हायला लागली. कवीचा आवाज बारीक आहे, टीकाकाराला डोळे मिचकावायची सवय आहे, हे कवितेच्या आधी कळू लागलं.

तिथून गोष्ट रंगमंचावर आली आणि तिचं नाव झालं ‘प्रकट मुलाखत’. पुण्याच्या सुधीर गाडगीळांनी ती गावोगाव नेली. प्रश्नोत्तरांचा ताठपणा गेला, गप्पांचा बाज आला. आमच्यासारख्या मालांचा तर जीवच भांड्यात पडला. तिकीट लावलं तरी लोक येऊ लागले. आणि गप्पा म्हटल्या की किस्से आलेच. व्याख्यानात जसा मुद्दा, तसा मुलाखतीत किस्सा. तेच त्यातलं नाणं. पाहुणा येताना आठ-दहा खणखणीत नाणी खिशात घालूनच येतो.

आता पहिली कॅसेट. डिसेंबर १९८८. मुलाखत घेणारे आमच्या हायस्कूलचे मराठीचे सर. सर हाताशी कागद ठेवायचे, पण बघायचे नाहीत. त्यांनी विचारलं, “दौऱ्यावर गाडी बंद पडली, तेव्हा तुम्ही सगळे कसे पोहोचलात?” नट सांगू लागले. साठच्या दशकातला दौरा. घाटात बस बंद पडली. पुढच्या गावात तिकिटं विकली गेलेली, मांडवात लोक बसलेले. मग चार-पाच जण चालत निघाले. एक प्रॉम्प्टर, एक तबलजी, एक नेपथ्याचा पोऱ्या डोक्यावर कपड्यांची पेटी घेऊन, आणि नाटकात आईचं काम करणाऱ्या बाई. चार मैलांचं अंतर. वाटेत यांच्या चपलेचा अंगठा तुटला. “तेव्हा आमच्या…” आणि इथे खटका. बाजू अ संपली. बाजू ब सुरू होते ती अशी: “…नी आपल्या चपला काढून दिल्या हो मला! माझे पाय लहान, त्यांचे मोठे, म्हणून बसल्या. आणि त्या अनवाणी.” लोक खदखदून हसतात. मग नट म्हणतात, साडेअकराला पडदा वर गेला आणि त्या रात्री आईच्या कामाला टाळ्या जास्त पडल्या.

दुसरी कॅसेट १९९७ ची. मधल्या नऊ वर्षांत जग बदललं होतं. डिश अँटेना गावात आल्या होत्या, हे नट मालिकांमुळे घराघरांत पोहोचले होते. त्याच वर्षी सिमी गरेवालचा ‘राँदेव्हू’ सुरू झाला. पांढरी शुभ्र खोली, हळू आवाज, पाहुण्याचे डोळे भरून येईपर्यंत थांबायची तयारी. आम्ही बघत नसलो तरी ती हवा आमच्यापर्यंत पोहोचली. शहरातून आलेल्या मुलाखतकारांनी सुरुवातच केली, “तुम्ही फार सोसलंत.” पुढे, “त्या रात्री तुम्ही कसे पोहोचलात?” ‘सगळे’ हा शब्द गेला. आता अंतर सात मैलांचं झालं. बरोबर “प्रॉम्प्टर आणि दोन-तीन जण” होते. चप्पल तुटली ती तुटलीच. दुसरी कुणी दिल्याचा उल्लेख नाही.

मराठीची एक गंमत इथे आडवी येते. ‘तुम्ही’ हे अनेकांनाही म्हणतात आणि एकाच माणसाला आदरानंही म्हणतात. सरांचं ‘तुम्ही’ अनेकवचनी होतं. शहरातल्या मुलाखतकारांचं ‘तुम्ही’ आदरार्थी होतं. पाहुण्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याला जो विचारला, त्या प्रश्नाचं त्यानं उत्तर दिलं. आदर वाढला आणि माणसं कमी झाली.

त्या संध्याकाळी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. पुस्तकांच्या मागणीपत्रांची लाकडी पेटी फिरवायची, चिठ्ठ्या गोळा करायच्या, विंगेत निवडायच्या आणि चांगल्या आठ-दहा वर पाठवायच्या. निवडायच्या म्हणजे, खरं सांगायचं तर, गाळायच्या. “कविता म्हणून दाखवा”, “आमच्या गावाबद्दल काय वाटतं”, या वर जायच्या. त्यात एक वहीच्या कागदावरची चिठ्ठी होती: “आईचं काम करणाऱ्या बाई आता कुठे असतात?” मी ती बाजूला ठेवली. म्हटलं, बाईंचा विषय, खाजगी काही निघालं तर पाहुण्यांना अवघड व्हायला नको. आम्हा आयोजकांना पाहुणा खूश होऊन गेला की कार्यक्रम यशस्वी. ती चिठ्ठी अजून कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवली आहे.

खुर्ची बदलली की माणूस बदलतो, याचं जयललितांएवढं ढळढळीत उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. १९९९ साली सिमीसमोर त्या शाळकरी मुलीसारख्या लाजल्या, नरी कॉन्ट्रॅक्टर आणि शम्मी कपूर आवडायचे म्हणाल्या, ‘चोरी चोरी’तलं जुनं गाणं गुणगुणल्या. २००४ साली करण थापरसमोर त्याच बाई कातावल्या आणि शेवटी भेटून आनंद झाला असं म्हणायलाही नकार देऊन माइक काढून बाजूला झाल्या. मधे पाचच वर्षं. पाहणाऱ्यांचे दोन तट पडले. एका तटाला त्या एकाकी, हळव्या दिसल्या, दुसऱ्याला उद्दाम. दोन्ही रूपं त्यांचीच होती. पण कुठलं वर यायचं हे समोरच्याचा पहिला प्रश्न ठरवत होता.

२००४ मध्येच ‘कॉफी विथ करण’ आलं (हा करण दुसरा) आणि किस्सासुद्धा लांबलचक ठरला. ‘रॅपिड फायर’मध्ये उत्तर एका शब्दाचं, बक्षीस टोपलीभर. २०१३ साली त्या सोफ्यावर आलिया भट्टनं राष्ट्रपती म्हणून पृथ्वीराज चौहान यांचं नाव घेतलं आणि देशभर तिच्यावरचे विनोद फिरले. पोरगी हुशार. पुढच्या वर्षी एआयबीच्या व्हिडिओत तिनं स्वतःच स्वतःची टर उडवली आणि तीच चूक खिशात घालून बाहेर पडली. २०१९ च्या जानेवारीत हार्दिक पंड्याला तसं सुटता आलं नाही. त्याच सोफ्यावर बायकांबद्दल जे बोलला त्यापायी त्याला आणि के. एल. राहुलला ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धवट टाकून परत यावं लागलं आणि पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. मित्राच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटणं, हेच त्या सोफ्याचं कसब. लोक बघताहेत हे बसलेल्याला विसरायला लावतो तो.

आपल्याकडे पुढाऱ्यांनी हे सगळं बारकाईनं पाहिलं. ‘सामना’त संजय राऊत आधी बाळासाहेबांची आणि पुढे उद्धव ठाकऱ्यांची लांबच लांब मुलाखत घेत. प्रश्न घरचा, उत्तर घरचं, छापखानाही घरचाच. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात बीएमसीसीच्या मैदानावर राज ठाकऱ्यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली तेव्हा मी निवृत्तीच्या उंबऱ्यावर होते आणि टीव्हीसमोरून हलले नाही. कॉफीच्या सोफ्यावरचा तो एका शब्दाचा खेळ तिथेही आला. राज की उद्धव, असं विचारल्यावर पवार ‘ठाकरे कुटुंब’ म्हणून मोकळे झाले. उत्तर म्हणून त्यात काही नाही. प्रतिमा म्हणून सगळं आहे. हा माणूस हातात सापडत नाही ही पन्नास वर्षांची ख्याती त्या दोन शब्दांत हसत हसत पक्की झाली. पुढच्या वर्षी लोकसभेच्या ऐन निवडणुकीत अक्षय कुमारनं पंतप्रधानांना आंबा कसा खाता ते विचारलं. प्रश्न जितका मऊ, तितकी प्रतिमा गुळगुळीत.

सगळंच गुळगुळीत झालं असं मात्र नाही. ‘ग्रेट भेट’मध्ये निखिल वागळे समोरच्याला पुरेसा वेळ देत आणि मग सोडत नसत. ‘खुपते तिथे गुप्ते’त अवधूत गुप्ते गंमत करता करता खुपणारं विचारून जात. पण माझ्या कानांना एक जाणवत राहिलं. मऊ असो की टोकदार, प्रत्येक प्रश्न एकाच माणसाच्या आत जात होता. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही का केलंत, तुमचं काय चुकलं. त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे विचारायला कुणी थांबत नव्हतं.

आता २०११. आमचे नट थकले होते. काठी होती, पण आवाज तसाच. यावेळी मुलाखत घेणारी मुलगी वाहिनीवरची. तिनं तो किस्सा आधी कुठेतरी पाहिला होता, म्हणून प्रश्नही विचारला नाही, फर्माईशच केली. “सर, ती घाटातली रात्र!” आणि ते उभे राहून सांगू लागले. अकरा मैल. मुसळधार पाऊस. अनवाणी. एकटे. रक्ताळलेल्या पायांनी रंगमंचावर पाऊल टाकलं आणि प्रेक्षक उठून उभे राहिले. सांगताना ते खरोखर लंगडले. सभागृहही उठून उभं राहिलं. मीही राहिले. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसूनच होते. गुडघे धरले असतील, मला वाटलं. मुलीकडे राहायला आले होते, आमचे नवे सभासद, आठवड्याला दोन कादंबऱ्या नेणारे. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा होत असताना माझ्यापाशी आले.

“ताई, पेटी माझ्या डोक्यावर होती.”

मला क्षणभर उमगलं नाही. मग अंगावर दुसरा काटा आला.

“पाऊस कसला?” ते म्हणाले. “पावसाळ्यात कुठे असायचे दौरे? उघड्यावरचे मांडव. मार्गशीर्ष होता. थंडी होती कडाक्याची.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? भेटायचं तरी त्यांना.”

“छान सांगतात की ते. लोक उभे राहिले बघा.” मग जरा थांबून म्हणाले, “बाईंच्या पायाला मात्र काचा लागल्या होत्या. पहिल्या अंकात आईला उठताच येईना, म्हणून यांनीच जागेवर सांभाळून घेतलं. लोकांना वाटलं, आई आजारी दाखवलीय. त्याच्या टाळ्या होत्या त्या.”

म्हणजे रक्ताळलेले पाय खरे होते. फक्त ते दुसऱ्या कुणाचे होते. आणि सांभाळून घेतलं तेही खरं. ती गोष्ट यांच्या तीनही सांगण्यांत नाही आणि माझ्या मते त्यांच्या मोठेपणाची खरी गोष्ट तीच होती. सांगून सांगून किस्सा चकचकीत झाला, त्यात बरोबरची माणसं घासली गेली. त्यांच्यासोबत यांचा स्वतःचाही चांगला भाग घासला गेला.

त्यानंतरची सात वर्षं मी एक केलं. मुलाखतकारांच्या हातात प्रश्नांचा कागद देताना तळाशी पेन्सिलीनं एक ओळ लिहायची: ‘बरोबर कोण कोण होतं?’ बऱ्याच जणांनी ती वाचली नाही. एकदा एका जुन्या कबड्डीपटूला ती विचारली गेली. गृहस्थ वीस मिनिटं नुसती नावं घेत होते. कोण गिरणीत होता, कोणाची आई सगळ्यांना भाकऱ्या बांधून द्यायची, कोण पुढे पानाच्या गादीवर बसला. मागच्या रांगांत चुळबुळ झाली, दोघं-तिघं उठून गेले. त्या सीडीची मागणी कधीच आली नाही.

आता मुलाखती पुन्हा लांबल्या आहेत. सुलेखा तळवलकरांचं ‘दिल के करीब’ किंवा सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ लावून मी भाजी निवडते, तास-दीड तास सहज जातो. कॅसेट उलटायची नसते, घाई नसते. एवढ्या वेळात किस्से संपतात आणि कधीकधी त्यांच्या पलीकडचा माणूस बोलायला लागतो. मग अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून फोनवर फिरतो आणि पुन्हा तो एकटाच उरतो.

परवा भाचा आला होता. कॅसेटी संगणकावर घेऊन देतो म्हणाला. तीनही ऐकून त्याचा निकाल तयार: “मावशी, तिसरा ठेवू. आवाज स्वच्छ आहे आणि सांगतात पण कसलं भारी!” मी त्याला पहिली कॅसेट दिली. खरखर आहे, मध्ये कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि नेमकं नावाच्या जागी खटका आहे. तेवढी चार सेकंदं माझ्या हातून गेली आणि त्यात बाईंचं नाव गेलं. पेटीवाल्या गृहस्थांना विचारून ते मी डबीतल्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, त्या चिठ्ठीच्या शेजारी. भाच्याला म्हटलं, तो खटका पुसू नकोस. तिथे जरा थांब आणि हे नाव तुझ्या आवाजात घाल.